वाटाण्याएवढं की नारळाएवढं?

वास्कोहून भावोजींचा फोन आला. "समुद्रावर काहीतरी आहे हो. हलतंय, थांबतंय, रंग बदलतंय. नेव्हीला कळवू का?" किती वाजता दिसलं, मी विचारलं. "जेवायच्या आधी." केवढं होतं? "नारळाएवढं."

पण नारळ किती लांब धरायचा? हाताशी धरलेला नारळ आणि माडावरचा नारळ डोळ्याला सारखा दिसत नाही.

भावोजींना हसण्यात अर्थ नाही. अमेरिकेच्या हवाई दलानं वीसहून अधिक वर्षं हाच घोळ निस्तरला. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाला माउंट रेनियरजवळ नऊ चकाकत्या वस्तू दिसल्या आणि वर्तमानपत्रांनी त्यांच्या 'उडत्या तबकड्या' करून टाकल्या. रशियाचं नवं विमान तर नसेल, ही लष्कराची धास्ती. त्यातून तपासाचे प्रकल्प निघाले: प्रोजेक्ट साइन, मग ग्रज आणि १९५२ पासून ब्लू बुक. १९६९ मध्ये तो गुंडाळला तेव्हा एकूण नोंदी होत्या १२,६१८. त्यातल्या ७०१ची ओळख पटली नाही.

मला या सगळ्यात सर्वांत आवडतो तो त्यांचा प्रश्नावलीचा कागद. हात लांब करून धरल्यास ती वस्तू कशाएवढी दिसली असती, असं त्यात विचारलेलं असे: टाचणीचं डोकं, वाटाणा, नाणं, की चेंडू? घरी करून पाहा. पौर्णिमेच्या चंद्राकडे हात लांब करून चिमटीत एक वाटाणा धरा. अख्खा चंद्र झाकला जातो, कारण तो आकाशात जेमतेम अर्धा अंश व्यापतो. म्हणजे 'नारळाएवढं' हे खरं असतं, तर निम्म्या वास्कोनं फोन केले असते.

गोव्यात पश्चिमेला मोकळा समुद्र, त्यामुळे संध्याकाळचा शुक्र थेट पाण्यापर्यंत उतरताना दिसतो. क्षितिजाजवळ त्याचा प्रकाश हवेच्या जाड थरांतून येतो, म्हणून तो लुकलुकतो, लाल-हिरवा होतो. हलण्याचं कारण मात्र आपल्याच डोळ्यांत आहे. अंधारात, शेजारी काही खूण नसताना, स्थिर ठिपकाही सरकल्यासारखा वाटतो. त्यात क्षितिजावर ट्रॉलरचे दिवे. एलईडी लावून मासे धरायला २०१७ मध्ये केंद्रानं बंदी घातली, तरी रापणकारांची, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांची, तक्रार अजून संपलेली नाही.

जवानांचे डोळेही याला अपवाद नाहीत. २०१२-१३ मध्ये लडाखच्या सीमेवर लष्करानं महिनोन्‌महिने 'घुसखोर' दिव्यांच्या नोंदी ठेवल्या. चिनी ड्रोन असतील, असा संशय होता. शेवटी बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारलं, तेव्हा ते गुरू आणि शुक्र निघाले. मला यात लष्कराचं हसू येत नाही. त्यांनी नोंदी नेटानं ठेवल्या, म्हणून तर ग्रह पकडता आले.

लष्कराच्या तपासाची खरी अडचण वेगळीच. त्यांचा प्रश्न 'धोका आहे का?' एवढाच असतो. धोका नाही म्हटलं की फाइल बंद. ब्लू बुकचे खगोलशास्त्रीय सल्लागार जे. ॲलन हायनेक यांना हे पुढे पुढे खटकू लागलं. १९६६ मध्ये मिशिगनमधल्या दिव्यांबाबत त्यांनी 'दलदलीतला वायू' असं कारण सुचवलं आणि देशभर चेष्टा ओढवून घेतली. दुसरी अडचण त्याहून नाजूक. यू-२ हे हेरगिरीचं विमान साठ हजार फुटांहून उंच उडे आणि खाली अंधारल्यावरही वर उन्हात चमके. ब्लू बुकच्या लोकांना काही वेळा हे कळायचं, पण साक्षीदाराला सांगायची सोय नव्हती. १९९७ मध्ये सीआयएच्याच एका इतिहासकारानं हे लिहून ठेवलंय. दाबोळीला नौदलाच्या हंसा विमानतळाच्या शेजारी राहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

उलट २ एप्रिल २०२२ची, गुढीपाडव्याची संध्याकाळ आठवा. महाराष्ट्रभर आकाशात जळत्या रेघा दिसल्या, चंद्रपूर जिल्ह्यात लाडबोरीला धातूचं मोठं कडं पडलं. शेकडो फोनांत वेळेसकट व्हिडिओ होते. चिनी रॉकेटचा टप्पा तेव्हा वातावरणात शिरत होता, हे त्यावरून जुळवता आलं.

भावोजींना म्हटलं, उद्या गॅलरीत एकाच जागी उभे राहा, ग्रिलचा आडवा गज धरा, घड्याळ बघा. दुसऱ्या दिवशी फोन आला: "वीस मिनिटांत गजाखाली तीन बोटं उतरलं." लांब केलेल्या हाताची तीन बोटं म्हणजे साधारण पाच अंश. आकाश तासाला पंधरा अंश फिरतं. शुक्रच.

"पण काल शेजारी आणखी एक होतं," ते म्हणाले. "ते आज नाही."

किती वाजता होतं?

"जेवायच्या आधी."

ब्लू बुकमध्ये यासाठी वेगळा खण होता: माहिती अपुरी.