पीव्हीआयडी आणि अनटॅग्ड: दिसायला एक, कामं दोन

नेटवर्क स्विचच्या पोर्टचा दिवा हिरवा, केबल टेस्टरवर पास, आणि तरी कॉम्प्युटरला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता, म्हणजे नेटवर्ककडून पत्ता न मिळाल्याने त्याने स्वतःच घेतलेला. व्हीलॅन २० (एकाच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) बनवला, पोर्ट ५ त्यात अनटॅग्ड टाकला, मुळच्या व्हीलॅन १ मधून काढला आणि तिथेच थांबलं, की हे हमखास होतं. केबल बदलत बसू नका.

पीव्हीआयडी, म्हणजे पोर्टला दिलेला व्हीलॅनचा आकडा, आत येणाऱ्या फ्रेमसाठी (डेटाच्या पाकिटासाठी) असतो. साध्या कॉम्प्युटरची फ्रेम बिनटॅगची येते, म्हणजे तिच्यावर व्हीलॅनच्या आकड्याची चिठ्ठी नसते. तिला कोणत्या व्हीलॅनमध्ये घालायचं ते हा आकडा ठरवतो. अनटॅग्ड सदस्यत्व बाहेर पडणाऱ्या फ्रेमसाठी: व्हीलॅन २० मधली फ्रेम या पोर्टातून निघताना तिचा ४ बाइटचा टॅग काढायचा, एवढंच. सिस्कोच्या ॲक्सेस पोर्टवर ‘स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन २०’ ही एकच ओळ दोन्ही कामं उरकते. त्या सवयीचा माणूस वेब पानावरून चालणाऱ्या स्विचवर फसतो, कारण तिथे बऱ्याच मॉडेलांत पीव्हीआयडीचं पान वेगळं असतं आणि त्यात १ तसाच पडून राहतो.

मग काय होतं? पोर्ट व्हीलॅन १ मध्येही अनटॅग्ड राहिला असेल, तर कॉम्प्युटर १ मधलाच पत्ता घेऊन मजेत चालतो. हा प्रकार जास्त वाईट, कारण कोणी तक्रारच करत नाही. १ मधून काढला असेल आणि इनग्रेस फिल्टरिंग (पोर्ट ज्या व्हीलॅनचा सदस्य नाही, त्याची फ्रेम आत न घेणं) चालू असेल, तर फ्रेम दारातच टाकली जाते. फिल्टरिंग बंद असेल, तर ती १ मध्ये शिरते, पण उत्तराला परतीची वाट नसते. वायरशार्कवर (येणाऱ्या-जाणाऱ्या फ्रेम दाखवणारा प्रोग्राम) मात्र व्हीलॅन २० चे एआरपी ब्रॉडकास्ट, म्हणजे ‘हा पत्ता कुणाचा?’ अशा सगळ्यांना मारलेल्या हाका, येताना दिसतात: ऐकू सगळं येतं, बोललेलं पोचत नाही.

खात्रीसाठी विंडोज कॉम्प्युटरवर ‘ipconfig /renew’ ही पत्ता पुन्हा मागणारी आज्ञा द्या आणि लगेच स्विचचं मॅक टेबल (कोणता मॅक, म्हणजे नेटवर्क कार्डाचा क्रमांक, कोणत्या पोर्टवर आणि व्हीलॅनमध्ये दिसला त्याची यादी) उघडा. पोर्ट ५ चा मॅक व्हीलॅन १ खाली दिसला, तर चूक पीव्हीआयडीची. २० खाली दिसूनही पत्ता मिळत नसेल, तर पोर्ट ५ चुकून टॅग्ड तर नाही ना ते बघा, मग अपलिंककडे (पुढच्या स्विचला किंवा राउटरला जाणाऱ्या जोडणीकडे) वळा. तिथे व्हीलॅन २० दोन्ही टोकांना टॅग्ड हवा.

दुरुस्तीचा क्रम पाळा: आधी २० मध्ये अनटॅग्ड, मग पीव्हीआयडी २०, शेवटी १ मधून बाहेर. काही स्विच सदस्यत्वाआधी पीव्हीआयडी घेतच नाहीत. ज्या पोर्टवरून स्विच उघडलाय, त्यावर हे करू नका. पान तिथेच गोठेल. आणि सेव्हचं बटण वेगळं असेल तर ते दाबा, नाहीतर वीज जाऊन आली की पुन्हा पीव्हीआयडी १.