जिभेच्या घसरणीवरील राजकीय व्यंगचित्रे

सार्वजनिक जीवनातील व्यक्तीच्या तोंडून निघालेले चुकीचे, अज्ञानदर्शक, असंवेदनशील किंवा नुसतेच अडखळलेले वाक्य हाच ज्याचा विषय असतो, असा राजकीय व्यंगचित्राचा प्रकार. नेत्याचे धोरण, भ्रष्टाचार किंवा शरीरयष्टी यांवरची चित्रे या प्रकारात मोडत नाहीत. इथे चित्राचे बीज उच्चारलेल्या शब्दांत असते आणि ते शब्द वाचकाला आधीच ठाऊक आहेत असे चित्रकार गृहीत धरतो. त्यामुळे हा प्रकार लवकर समजतो आणि लवकर दुर्बोधही होतो. वीस वर्षांनी चित्र समोर आले, तर मूळ वाक्य सांगितल्याखेरीज त्यातले काही कळत नाही.

उगम : अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये जेम्स गिलरे आणि त्याचे समकालीन राजकारण्यांच्या तोंडी फुग्यांतून शब्द घालत. ते शब्द मात्र बहुधा चित्रकाराचे असत. त्यामुळे या प्रकाराचा उगम गिलरेपर्यंत मागे नेण्याचे मत फारसे टिकत नाही. नेत्याच्या चुकलेल्या वाक्यावर चित्र बेतायचे, तर ते वाक्य शब्दशः नोंदले जाऊन लोकांपर्यंत पोचलेले हवे. त्याची सोय एकोणिसाव्या शतकात झाली. १८३७ मध्ये आयझॅक पिटमनची लघुलेखन पद्धती प्रसिद्ध झाली, पुढे तारायंत्र आले आणि अमेरिकी वर्तमानपत्रांत नेत्यांच्या मुलाखती छापण्याची पद्धत रूढ झाली. साधारणतः १८७० ते १८९० या काळात हा प्रकार आकाराला आला असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

त्याचे पहिले ठळक उदाहरण म्हणून थॉमस नास्ट (१८४०–१९०२) याच्या ‘हार्पर्स वीकली’मधील एका चित्राकडे बोट दाखवले जाते. १८८० च्या अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार होते जनरल विनफील्ड स्कॉट हॅन्कॉक. गेटिसबर्गच्या लढाईत नाव कमावलेला हा सेनानी राजकारणात नवखा होता. विरोधकांनी ‘हॅन्कॉक यांची राजकीय कामगिरी’ अशा अर्थाच्या शीर्षकाची, आत कोरी पाने असलेली पुस्तिकाच छापली होती. निवडणुकीतला एक मोठा वाद आयातमालावरच्या जकातीचा, म्हणजे टॅरिफचा होता. ऑक्टोबर १८८० मध्ये न्यू जर्सीतील पॅटरसन येथील एका दैनिकाला दिलेल्या मुलाखतीत हॅन्कॉक म्हणाले, की टॅरिफचा प्रश्न हा स्थानिक प्रश्न आहे. परदेशी मालावरचा कर देशभर एकच असतो. तो स्थानिक कसा, असे म्हणत रिपब्लिकन पक्षाने हे वाक्य उचलून धरले.

नास्टच्या चित्रात हॅन्कॉक सभेच्या व्यासपीठावर बसले आहेत. शेजारी न्यू जर्सीचे सिनेटर थिओडोर रँडॉल्फ आहेत. त्यांच्याकडे झुकून जनरलसाहेब गोंधळल्या चेहऱ्याने विचारतात : “हा टॅरिफ कोण, आणि तो फक्त महसुलाच्याच बाजूचा का?” डेमोक्रॅटिक पक्षाच्या जाहीरनाम्यात ‘फक्त महसुलापुरते टॅरिफ’ असे शब्द होते. नास्टने त्यातल्या टॅरिफला माणूस करून टाकले. हॅन्कॉक असे काही म्हणाले नव्हते. मात्र चित्रातला प्रश्न इतका गाजला, की जणू तेच त्यांचे उद्गार आहेत अशा थाटात तो पुढे सांगितला जाऊ लागला. मूळ वाक्य मागे पडले. या साऱ्या प्रकाराचे मर्म इथे पाहायला मिळते : चित्रकार मूळ चुकीची नक्कल करत नाही, तिच्या शेजारी एक अधिक अडाणी वाक्य रचतो आणि लोकांच्या लक्षात ते राहते.

या चित्राने हॅन्कॉक यांना पाडले असे विधान बऱ्याच ठिकाणी आढळते. कालक्रम तपासला तर ते पटत नाही. चित्र १३ नोव्हेंबर १८८० या तारखेच्या अंकात आले, तर मतदान २ नोव्हेंबरलाच झाले होते. त्या काळी ‘हार्पर्स वीकली’च्या अंकावर प्रत्यक्ष विक्रीच्या साधारण आठवडा-दहा दिवस पुढची तारीख असे. ही सवलत धरली, तरी अंक मतदानाच्या आगेमागे किंवा त्यानंतरच लोकांच्या हातात पडला असावा. शिवाय छपाईचे तंत्रही ध्यानात घ्यावे लागते. साप्ताहिकातले मोठे चित्र चिवट लाकडाच्या ठोकळ्यांवर कोरले जाई. असे अनेक ठोकळे एकत्र जोडून त्यावर चित्र उमटवत, मग ते सुटे करून निरनिराळ्या कोरक्यांकडे देत आणि कोरून झाल्यावर पुन्हा घट्ट आवळत. चटकन दुसऱ्या दिवशी उत्तर देण्याचे हे माध्यम नव्हते. मुलाखतीचा परिणाम झाला असेल, तर तो तिच्यावर तीनेक आठवडे चाललेल्या भाषणांनी आणि अग्रलेखांनी. तोही सरसकट झाला नाही. ज्या न्यू जर्सीतल्या वर्तमानपत्राला ही मुलाखत दिली गेली, ते राज्य हॅन्कॉक यांनी जिंकले. ते हरले ते न्यूयॉर्क गमावल्यामुळे. देशभरातील एकूण मतांत त्यांच्यात आणि विजयी रिपब्लिकन उमेदवार जेम्स गारफील्ड यांच्यात दहा हजारांहूनही कमी मतांचे अंतर होते.

हॅन्कॉक खरोखर चुकले होते का, हाही वादाचा मुद्दा आहे. काँग्रेसमध्ये जकातीचे दर ठरताना लोकरीचा प्रदेश, लोखंडाचा प्रदेश, साखरेचा प्रदेश आपापल्या मालापुरती घासाघीस करीत असत. त्या अर्थाने टॅरिफ हा स्थानिक हितसंबंधांचाच प्रश्न होता, असे म्हणणारे अभ्यासक पुढे निघाले आणि त्यांचे म्हणणे वजनदार आहे. ज्याला चूक म्हणून हसले गेले ते अर्धवट मांडलेले सत्य होते, असे म्हणता येईल. नास्टला हॅन्कॉकविषयी आदर होता असे चरित्रकार सांगतात. त्याची इतर चित्रे किती जहरी असत हे पाहता या चित्रातला जनरल सौम्य, जवळजवळ निष्पाप वाटतो.

ब्लेन प्रकरण : १८८४ ची निवडणूक या विषयाच्या चर्चेत हमखास येते, पण तिथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. २९ ऑक्टोबरला सकाळी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यू हॉटेलात रिपब्लिकन उमेदवार जेम्स ब्लेन यांच्यासमोर पाद्री सॅम्युएल बर्चर्ड यांनी डेमोक्रॅट पक्षाला ‘रम, रोमनिझम आणि रिबेलियन’चा, म्हणजे दारू, पोपचा धर्म आणि बंडखोरी यांचा वारसा असलेला पक्ष म्हटले. विरोधी गोटातल्या लघुलेखकाने ते टिपले. ब्लेन यांनी तिथल्या तिथे हरकत घेतली नाही आणि आयरिश कॅथलिक मतदार खवळले. त्याच रात्री डेल्मोनिकोज या उपाहारगृहात ब्लेन यांच्यासाठी धनिकांची मेजवानी झाली. ३० ऑक्टोबरच्या ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या पहिल्या पानावर वॉल्ट मॅकडूगलचे मोठे चित्र झळकले : बायबलमधल्या बेलशाझार राजाच्या मेजवानीच्या धर्तीवर ब्लेन आणि कोट्यधीश पंगतीला बसलेले, ताटांवर ‘मक्तेदारीचे सूप’ यांसारखी नावे, आणि पुढे हात पसरून उभे असलेले भुकेले कुटुंब. चित्राचे मोठे फलक करून ते शहरभर लावले गेले. ब्लेन न्यूयॉर्क राज्यात हजार-अकराशे मतांनी आणि त्यामुळे अध्यक्षपदही हरले.

मॅकडूगलच्या चित्रात बर्चर्ड यांचे वाक्य कुठेच नाही. ते मेजवानीवरचे चित्र आहे. त्यामुळे जिभेच्या घसरणीवरील चित्रांत त्याची गणना करू नये, हे मत ग्राह्य धरावे. या प्रकाराच्या इतिहासात त्याचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे : आदल्या रात्रीच्या घटनेवरचे चित्र दुसऱ्या दिवशीच्या दैनिकात येऊ शकते हे त्याने दाखवून दिले. चुकलेल्या वाक्याला उत्तर देण्याची घाई व्यंगचित्राला इथून पुढे परवडू लागली.

ब्रिटन : ब्रिटिश राजकारणात उथळ आशावाद हा हसण्याचा हुकमी विषय राहिला आहे. ४ एप्रिल १९४० रोजी पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन यांनी हिटलरची ‘बस चुकली’ असे जाहीर केले. पाचव्या दिवशी जर्मन फौजा डेन्मार्क आणि नॉर्वेत उतरल्या. मे महिन्यात संसदेत याच शब्दांनी त्यांना टोमणे मारले गेले. हॅरल्ड विल्सन यांनी नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाचे १४.३ टक्के अवमूल्यन केल्यावर, लोकांच्या खिशातल्या पौंडाची किंमत काही कमी झालेली नाही, असे दूरचित्रवाणीवर सांगितले. त्यांच्या उरलेल्या कारकिर्दीत हा खिशातला पौंड त्यांना चिकटून राहिला. अशी वाक्ये चित्रकाराच्या फार सोयीची असतात. त्यांत बस, खिसा, नाणे अशी दिसणारी वस्तू तयारच असते आणि अलंकार अक्षरशः खरा धरून चित्र काढता येते.

जेम्स कॅलाहन यांचे प्रकरण मात्र अन्यायाचे म्हणावे लागेल. १० जानेवारी १९७९ रोजी, संपांनी देश ठप्प असताना ते ग्वादलूपच्या परिषदेहून परतले. विमानतळावर ते म्हणाले, की देशात वाढती अनागोंदी आहे असे जगातल्या इतरांना वाटेल असे मला वाटत नाही. दुसऱ्या दिवशी ‘द सन’ने मथळा दिला : “संकट? कसले संकट?” हे शब्द कॅलाहन यांचे नव्हते, मथळा लिहिणाऱ्याचे होते. तरी तेच आजवर त्यांच्या नावावर आहेत. हॅन्कॉक यांच्या बाबतीत चित्राने जे केले ते इथे मथळ्याने केले.

उपहास उलटण्याचेही प्रसंग आहेत. व्हिकी या नावाने चित्रे काढणाऱ्या व्हिक्टर वाइस यांनी ६ नोव्हेंबर १९५८ च्या ‘इव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये पंतप्रधान हॅरल्ड मॅकमिलन यांना सुपरमॅनच्या वेशात ‘सुपरमॅक’ म्हणून रंगवले. आपल्या बहुतेक लोकांचे इतके चांगले दिवस पूर्वी कधी नव्हते, असे मॅकमिलन यांनी आदल्या वर्षी बेडफर्डला म्हटले होते. त्या आत्मसंतुष्टपणाची टर उडवणे हा हेतू. प्रत्यक्षात लोकांना सुपरमॅक आवडला आणि १९५९ ची निवडणूक मॅकमिलन यांनी आरामात जिंकली.

अमेरिका, विसाव्या शतकाची अखेर : दूरचित्रवाणीने चूक शब्दशः आणि चेहऱ्यासकट घरोघर पोचवली. ६ ऑक्टोबर १९७६ च्या जाहीर वादात अध्यक्ष जेरल्ड फोर्ड यांनी पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही असे म्हटले. प्रश्न विचारणारे पत्रकार मॅक्स फ्रँकेल यांनी त्यांना सावरून घेण्याची संधी दिली, तरी ते आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. पण सर्वाधिक चित्रे ओढवून घेतली ती उपाध्यक्ष डॅन क्वेल यांनी. १५ जून १९९२ रोजी न्यू जर्सीतील ट्रेंटन येथील एका शाळेत विद्यार्थ्याने फळ्यावर ‘पोटॅटो’ हा शब्द बरोबर लिहिला होता. क्वेल यांनी त्याला शेवटी एक जादा ‘ई’ जोडायला लावले. त्यांच्या हातातल्या, शाळेने तयार केलेल्या कार्डावर शब्द तसाच चुकीचा छापलेला होता. ही गोष्ट चित्रांत अर्थातच आली नाही. कार्ड गळून पडले आणि बटाटा तेवढा उरला.

गॅरी ट्रूडो यांच्या ‘डून्सबरी’ या चित्रमालिकेने तर क्वेल यांना हवेत तरंगणारे पीस म्हणूनच दाखवले. त्यामुळे दर वेळी एखादी नवी चूक हाताशी असण्याची गरजच उरली नाही. धाकट्या बुश यांच्या उक्ती जेकब वाइसबर्ग यांनी ‘स्लेट’मध्ये संकलित केल्या. त्यांतल्या पुष्कळ अस्सल आहेत. ६ नोव्हेंबर २००० रोजी आर्कान्सामधील बेंटनव्हिल येथे ‘मिसअंडरएस्टिमेटेड’ हा शब्द त्यांच्या तोंडून खरोखर निघाला. ‘स्ट्रॅटेजरी’ हा शब्द मात्र टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात त्यांची नक्कल करताना रचलेला आहे. क्वेल यांच्या नावावर खपणारे, लॅटिन अमेरिकेत जाण्याआधी लॅटिन शिकायला हवे होते हे वाक्यही १९८९ मध्ये एका महिला प्रतिनिधीने केलेला विनोद आहे.

जिभेची घसरण आणि जाणूनबुजून केलेली दिशाभूल यांत फरक करावा लागतो. वॉटरगेट घोटाळा गाजत असताना अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी नोव्हेंबर १९७३ मध्ये ‘मी लबाड नाही’ असे ठणकावले. १९७४ मध्ये व्यंगचित्रकार हर्बर्ट ब्लॉक यांनी, त्या घोटाळ्यात पुरावा ठरलेल्या ध्वनिफितीच्या दोन तुकड्यांमध्ये लोंबकळणारे निक्सन काढले. एका तुकड्यावर वाक्याची सुरुवात आहे, दुसऱ्यावर शेवट, आणि मधला नकार फितीतून नाहीसा झाला आहे. या चित्राचे सामर्थ्य वादातीत आहे, पण निक्सन इथे चुकून बोललेले नाहीत. काही संकलक ते या प्रकारात घालतात. ते बाहेर ठेवणे बरे.

भारत व महाराष्ट्र : आर. के. लक्ष्मण यांच्या रोजच्या चित्रात बोलतो तो नेता किंवा अधिकारी. चौकटीचा कोट घातलेला सामान्य माणूस एक अक्षर बोलत नाही. त्यामुळे बेताल वाक्य आहे तसेच राहते आणि त्याच्यावरचा शेरा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत उमटतो. नास्टच्या पद्धतीहून ही पद्धत अगदी निराळी आणि नेत्याच्या मूळ शब्दांशी अधिक प्रामाणिक आहे. बाळ ठाकरे यांनी १९६० मध्ये सुरू केलेल्या ‘मार्मिक’ने मराठी वाचकाला कुंचल्याच्या जोरकस फटक्याची आणि रांगड्या मराठी ओळीची सवय लावली.

अलीकडच्या काळातील दोन उद्गार महाराष्ट्राच्या चांगल्याच स्मरणात आहेत. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी मोठ्या शहरांत असे छोटे हादसे होत असतात अशा अर्थाचे हिंदी वाक्य उच्चारले. त्यावर एका लोकप्रिय चित्रपटातल्या संवादाची छाया होती. १ डिसेंबरला त्यांनी राजीनामा दिला. एप्रिल २०१३ मध्ये, दुष्काळाने गावे होरपळत असताना, उपमुख्यमंत्री अजित पवार इंदापूर तालुक्यातल्या सभेत धरणातल्या पाण्यावरून जे बोलले त्याबद्दल त्यांना माफी मागावी लागली. पुढे कराडला यशवंतराव चव्हाण यांच्या समाधीपाशी त्यांनी आत्मक्लेश म्हणून उपोषण केले. या दोन्ही प्रसंगी हसू येण्याच्या आधी संताप आला होता, आणि अशा वेळी व्यंगचित्रकाराचे काम सर्वांत कठीण असते. बटाटा काढून भागत नाही, कोरड्या धरणाकाठी उभ्या असलेल्या माणसाचा मान राखून नेत्याला उघडे पाडावे लागते.

जतन : ब्रिटनमध्ये केंट विद्यापीठातील व्यंगचित्र-संग्रह आणि अमेरिकेत लायब्ररी ऑफ काँग्रेस येथे मूळ चित्रे जपली जातात. या प्रकारातल्या चित्राची नोंद करताना प्रकाशनाची तारीख, नेत्याचे मूळ वाक्य आणि चित्रातले वाक्य या तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहून ठेवणे आवश्यक असते. मराठी दैनिकांतील चित्रांचे संग्रह निघतात तेव्हा बहुधा चित्र आणि त्याखालची ओळ एवढेच छापले जाते, आणि ज्या वाक्यावरून चित्र निघाले ते त्या दिवशीच्या अंकातच राहून जाते.