तुरुंगातल्या माणसाला मानसोपचार हवे असतील, तर अर्ज कुठे आणि कसा करायचा?

घरातलं कुणी अटकेत गेलं की सगळी धावपळ जामिनासाठी होते आणि त्याच्या रोजच्या गोळ्या घरीच राहून जातात. मानसिक आजाराची औषधं अशी एकदम तुटली, तर आजार उलटू शकतो. त्यामुळे जामिनाच्या निकालाची वाट न बघता हा अर्ज करा.

कच्चा कैदी असो की शिक्षा झालेला, गुन्हा कोणताही असो, मानसिक आरोग्य देखभाल कायदा, २०१७ प्रमाणे त्याला उपचारांचा हक्क आहे.

अर्ज साध्या कागदावर, तुरुंग अधीक्षकांच्या नावे करा आणि एक प्रत तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना द्या. कैद्याचं नाव, पोलीस ठाणे, गुन्हा क्रमांक, कोर्ट, आजार आणि औषधांची मात्रा लिहा. ‘मानसिक स्थिती ठीक नाही’ असं मोघम लिहिलेला कागद फायलीत पडून राहतो. ‘मागच्या मुलाखतीत त्याने मला ओळखलं नाही, जेवणात विष घालतात म्हणाला’ असं डोळ्यांनी पाहिलेलं लिहा. सोबत जुने केसपेपर, डॉक्टरांची चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड आणि स्वतःचं ओळखपत्र जोडा. झेरॉक्सच द्या. आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. पुढे कोर्टात हाच कागद दाखवायचा असतो.

काही हललं नाही, तर वकिलामार्फत कोर्टात अर्ज द्या. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

याच कायद्याचं कलम १०३ वकिलाला आवर्जून दाखवा. तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मनोरुग्ण कक्ष असेल तर कैद्याला तिथे हलवता येतं. नसेल तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची (मनोरुग्णांच्या हक्कांवर लक्ष ठेवणारं, याच कायद्याखालचं मंडळ) आधी परवानगी घेऊन बाहेरच्या मानसोपचार संस्थेत. गंमत म्हणजे, ‘आमच्याकडे एकही मनोरुग्ण कैदी नाही’ असं प्रमाणित करणारा अहवाल तुरुंगाच्या डॉक्टरने दर तीन महिन्यांनी मंडळाला पाठवायचा असतो. म्हणजे असा कैदी तुरुंगात राहूच नये, हे कायद्याने गृहीतच धरलंय. तरी तो तिथे असेल, तर का ठेवला, हे मंडळ विचारू शकतं. तुमच्या अर्जाची एक प्रत मंडळाकडे जायला हवी, ती यासाठीच.

शेवटचा कागद कैद्याकडूनच घ्यायचा: याच कायद्याच्या कलम १४ खाली ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ (उपचारांच्या बाबतीत त्याला साथ देणारा, त्याने स्वतः नेमलेला माणूस) म्हणून तुमचं नाव, साध्या कागदावर. त्यावर त्याची सही किंवा अंगठा आणि तुमची लेखी संमती हवी. हा कागद असला, की निदान आणि उपचार काय चाललेत हे डॉक्टरांना हक्काने विचारता येतं.