अपंगत्व व वारस लाभांवरील राज्य आयकर वजावट (अमेरिका)

अमेरिकेत आयकर संघ सरकार घेते आणि बहुतेक राज्येही घेतात. त्यामुळे अपंगत्वापोटी मिळणारे उत्पन्न किंवा कमावता माणूस गेल्यावर जोडीदाराला व मुलांना मिळणारे वारस लाभ यांवर किती कर बसणार, हे राहत्या राज्यावरही ठरते. टेक्सास, फ्लोरिडात राज्याचा वैयक्तिक आयकरच नाही. तिथे प्रश्न मिटतो.

इतर बहुतेक राज्ये संघीय विवरणपत्रातला उत्पन्नाचा आकडा उचलतात आणि त्यातून आपापल्या वजावटी देतात. जे त्या आकड्यात मुळात धरलेलेच नाही, ते वजाही करता येत नाही. लष्करी सेवेतल्या अपंगत्वाची माजी सैनिकांना मिळणारी भरपाई संघीय पातळीवरच करमुक्त असते, म्हणून राज्याच्या विवरणपत्रात ती पुन्हा वजा करायची नसते.

सोशल सिक्युरिटी या संघ सरकारच्या सामाजिक विमा योजनेचे तसे नाही. निवृत्ती, अपंगत्व वा वारस या कोणत्याही नात्याने मिळालेला लाभ १९८३च्या कायद्यापासून, एकूण उत्पन्न ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास अंशतः करपात्र ठरतो; आज हा वाटा जास्तीत जास्त ८५ टक्के असतो. बहुसंख्य राज्ये तो पूर्ण वगळतात. मिनेसोटा, व्हरमॉन्ट अशी मोजकी राज्ये उत्पन्न पाहून सूट देतात.

खरी गुंतागुंत खाजगी व सरकारी पेन्शनीत आहे. व्हर्जिनियात कायमच्या व पूर्ण अपंगत्वापोटीच्या उत्पन्नातून २०,००० डॉलरपर्यंत वजावट मिळते. मात्र ती घेणाऱ्याला ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठीची वयाधारित वजावट मिळत नाही. दोहोंपैकी एकच निवडावी लागते. वयाधारित वजावट १२,००० डॉलरपर्यंतच आहे आणि बहुतेकांच्या बाबतीत उत्पन्न वाढले की तीही घटते. त्यामुळे जो पात्र आहे, त्याला सहसा अपंगत्वाचीच परवडते.

न्यूयॉर्कमध्ये साडेएकोणसाठ वर्षांनंतर पेन्शनीतले २०,००० डॉलरपर्यंत वगळता येतात. वारसाच्या बाबतीत वय मोजायचे ते मृताचे: तो हयात असता तर सवलतीस पात्र ठरला असता का, एवढेच पाहतात. म्हणजे चाळिशीतल्या विधवेलाही पतीच्या पेन्शनीवर सूट मिळू शकते. वारस अनेक असले तर तेवढीच मर्यादा त्यांच्यात विभागली जाते.

न्यू जर्सीत, जिथे मराठी वस्तीही बरीच आहे, पूर्ण व कायमच्या अपंगत्वाची पेन्शन ६५ वर्षांपर्यंत करमुक्त असते. त्यानंतर ती साधी पेन्शन धरली जाते.

भारतात शेतीबाहेरच्या उत्पन्नावर आयकर लावण्याचा अधिकार राज्यांना नसल्याने अशा वजावटी केंद्राच्या आयकर कायद्यातच येतात.