गिफ्ट कार्डापासून यूएसडीटीपर्यंत : गेलेला पैसा परत न येण्याची वाट

‘आमच्या घरात कुणी बिटकॉइनला हातसुद्धा लावलेला नाही, मग आम्हाला कसली भीती?’ सायबर फसवणुकीचा विषय निघाला की घरातली वडीलधारी माणसं हमखास असं म्हणतात. ही समजूत चुकीची आहे, आणि ती का चुकीची हे समजायला थोडं मागे जावं लागतं. भामट्याची गोष्ट दरवेळी बदलते. कधी तो इन्कम टॅक्सचा अधिकारी असतो, कधी सीबीआयचा, कधी कुरिअर कंपनीचा, कधी लग्नाच्या साइटवरचं स्थळ. पण त्याच्यापुढचा प्रश्न कायम एकच असतो: समोरच्याचे पैसे अशा वाटेने कसे घ्यायचे, की त्याला ते परत मागता येऊ नयेत आणि पोलिसांना आपला पत्ता लागू नये?

संगणकाच्या सुरुवातीच्या काळात त्याला या प्रश्नाचं उत्तर सापडत नव्हतं. डिसेंबर १९८९ मध्ये एड्सविषयी माहिती देणाऱ्या म्हणून सुमारे २०,००० फ्लॉपी टपालाने वेगवेगळ्या देशांत पाठवल्या गेल्या. त्या वापरणाऱ्याचा संगणक काही दिवसांनी अडून बसायचा आणि पडद्यावर मागणी यायची: १८९ डॉलर पनामातल्या एका पोस्ट बॉक्सवर पाठवा. खंडणी मागणारा हा पहिला संगणकीय प्रोग्रॅम मानला जातो. पण टपालाने पैसे घ्यायचे म्हणजे पत्ता आला, आणि पत्ता आला की पोलिसांच्या हाती धागा आला.

या गोष्टीतला एक मोठा टप्पा आपल्या मीरा रोडचा आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी तिथल्या कॉल सेंटरांवर रात्री छापे घातले आणि सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतलं. विशीतली मुलं अमेरिकन नावं घेऊन तिकडच्या लोकांना फोन करत होती. ‘तुमचा कर थकला आहे, आत्ताच्या आत्ता भरला नाही तर पोलिस दारात येतील’ अशी धमकी द्यायची, आणि घाबरलेल्या माणसाला दुकानात धाडून प्रीपेड किंवा आयट्यून्सचं गिफ्ट कार्ड घ्यायला लावायचं. कार्ड पाठवायची गरज नसे. मागचा पट्टा खरवडून त्यावरचा आकडा फोनवर वाचून दाखवला की काम झालं. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने अहमदाबादच्या कॉल सेंटरांसह ६१ व्यक्ती आणि संस्थांवर आरोपपत्र दाखल केलं. हे प्रकरण आपण विसरता कामा नये असं मला वाटतं. आज डिजिटल अरेस्टच्या, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच्या खोट्या अटकेच्या नावाखाली आपल्याकडच्या निवृत्त शिक्षकांना, डॉक्टरांना जे ऐकवलं जातं, त्याची तालीम आपल्याच मुलांनी परदेशातल्या म्हाताऱ्या माणसांवर करून झाली होती.

पुढे या वाटा अरुंद होत गेल्या. जानेवारी २०१७ मध्ये पैसे पाठवण्याची सेवा देणाऱ्या वेस्टर्न युनियनने आपल्या सेवेतून भामट्यांना पैसे जाऊ दिल्याबद्दल अमेरिकेत ५८.६ कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. २०१८ च्या अखेरीस तिथल्या मोठ्या दुकानांनी गिफ्ट कार्डांच्या रकमेवर मर्यादा आणल्या. एक वाट बुजली की पाणी दुसरीकडून फुटतं, तसंच इथे झालं, आणि दुसरी वाट तोवर तयारच होती.

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने बिटकॉइनचा, म्हणजे बँकेविना चालणाऱ्या डिजिटल नाण्याचा आराखडा मांडणारा लेख प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्याच भागात एक मुद्दा आहे. बँका आणि कार्ड कंपन्या झालेला व्यवहार उलटवू शकतात, त्यामुळे विक्रेत्याला फसवणुकीचा धोका राहतो. उलटवता न येणारा व्यवहार असेल तर विक्रेता सुरक्षित राहील. म्हणजे ‘दिलेले पैसे परत फिरत नाहीत’ हा गुण फसवणूक रोखण्यासाठीच बसवलेला होता. त्यात गृहीत धरलेला विक्रेता प्रामाणिक होता. उद्या त्याच्या जागी खंडणीखोर बसला तर काय, याचा विचार तिथे नव्हता. सप्टेंबर २०१३ मध्ये क्रिप्टोलॉकर नावाचा प्रोग्रॅम पसरला आणि त्याने फायली कुलूपबंद करून बिटकॉइनमध्ये खंडणी मागायला सुरुवात केली. जून २०१७ मध्ये अशाच एका हल्ल्याने आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. पडद्यावर ३०० डॉलरच्या बिटकॉइनची मागणी होती, आणि पैसे भरले तरी फायली परत मिळण्याची सोय त्यात नव्हतीच.

पुढच्याच वर्षी हीच मागणी सामान्य माणसाच्या ईमेलमध्ये येऊ लागली. ‘तुमचा पासवर्ड अमुक आहे, कॅमेऱ्यातून तुमचं चित्रण केलं आहे, बिटकॉइन पाठवा नाहीतर सगळ्यांना दाखवू.’ पासवर्ड खरा असायचा, पण कुठल्या तरी जुन्या साइटवरून चोरलेला. चित्रण नसायचंच.

उत्तर अमेरिकेत या वाटेला यंत्रही मिळालं. नोटा घालून बिटकॉइन विकत घेता येणारं पहिलं एटीएम ऑक्टोबर २०१३ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या एका कॉफीच्या दुकानात लागलं, आणि नंतर अशी यंत्रं पेट्रोल पंपांवर, किराणा दुकानांत दिसू लागली. भामटा फोन चालू ठेवायला सांगतो, बँकेतून रोकड काढायला लावतो, ‘सरकारी सुरक्षित लॉकर’ म्हणून एक क्यूआर कोड पाठवतो. नोटा आत गेल्या की संपलं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या नोंदीनुसार २०२३ मध्ये अशा यंत्रांतून लोकांनी ११ कोटी डॉलरहून अधिक गमावले. २०२० च्या मानाने हे जवळपास दहापट होतं. साठीपुढच्या लोकांचं प्रमाण तरुणांच्या तिपटीहून जास्त. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात मुलांकडे राहणाऱ्या आपल्या आईवडिलांनी हा प्रकार नीट समजून घ्यावा. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२४ पासून अशा यंत्रावर दिवसाला एका माणसामागे १,००० डॉलरची मर्यादा घातली, तीही यामुळेच.

भारतात ही यंत्रं रुजली नाहीत. ऑक्टोबर २०१८ मध्ये बंगळूरच्या एका मॉलमध्ये एक लागलं, ते पोलिसांनी काही दिवसांत जप्त केलं. त्याआधी ६ एप्रिलला रिझर्व्ह बँकेने क्रिप्टोच्या, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल नाण्यांच्या व्यवहारांना सेवा द्यायला बँकांना मनाई केली होती. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई रद्द केली. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आला, मार्च २०२३ मध्ये क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणारी एक्सचेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आले.

त्यामुळे आपल्याकडच्या फसवणुकीने वेगळं वळण घेतलं. आपल्या माणसाकडे क्रिप्टो बहुधा मागितलं जात नाही. त्याला आरटीजीएस किंवा यूपीआय करायला सांगतात, आणि समोर एक साधं बँक खातं असतं. ते खातं भाड्याचं असतं. महिना काही हजारांच्या आमिषाने एखादा विद्यार्थी, रिक्षाचालक किंवा छोटा दुकानदार आपलं पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हवाली करतो. पैसे तिथे आले की पाच-दहा खात्यांत फुटतात, आणि मग टेलिग्रामवर किंवा एक्सचेंजच्या पीटूपी बाजारात (जिथे माणसं थेट एकमेकांशी खरेदी-विक्री करतात) त्यांचे यूएसडीटी होतात. यूएसडीटी म्हणजे टेदर कंपनीचं, डॉलरच्या भावाला बांधलेलं नाणं. बिटकॉइनसारखा त्याचा भाव वर-खाली होत नाही आणि ट्रॉन नेटवर्कवरून ते स्वस्तात पाठवता येतं, म्हणून आग्नेय आशियातल्या टोळ्यांची पहिली पसंती त्यालाच, असं संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आणि गुन्हेविषयक कार्यालयाने जानेवारी २०२४ च्या अहवालात म्हटलं होतं. चार पैसे जास्त मिळतात म्हणून पीटूपीवर यूएसडीटी विकणाऱ्या तरुणांची खाती एके दिवशी गोठवली जातात, तीही यामुळेच. त्यांना मिळालेले रुपये कुणाच्या तरी फसवणुकीतले असतात.

या टोळ्या बऱ्याच अंशी कंबोडिया आणि म्यानमारमधल्या कुंपणबंद वसाहतींत बसतात. कंबोडियाने २०१९ मध्ये ऑनलाइन जुगारावर बंदी आणली, मग कोविडने कॅसिनो रिकामे पडले, आणि त्याच इमारतींत फसवणुकीचे फोन आणि चॅट सुरू झाले. तिथे राबणारेही बरेचसे फसवून आणलेलेच. ऑगस्ट २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० लोकांना असं काम करायला भाग पाडलं जात असल्याचा अंदाज दिला. मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी थायलंडमार्गे साडेपाचशेच्या आसपास भारतीयांना सोडवून आणलं. डेटा एंट्रीच्या नोकरीसाठी बँकॉकचं तिकीट मिळतंय म्हणून आनंदाने निघालेली मुलं त्यात होती.

इथली ठरलेली पद्धत म्हणजे महिनोन्महिने गोड बोलून विश्वास मिळवायचा, खोट्या ॲपवर नफा दाखवायचा, थोडे पैसे काढूही द्यायचे, आणि मोठी रक्कम अडकली की ‘आधी ३० टक्के कर भरा, मग पैसे निघतील’ म्हणून आणखी उकळायचे. खरा कर ॲपवाल्याच्या खात्यात भरायचा नसतो, तो सरकारकडे भरला जातो. पण मनावर दडपण असलेल्या माणसाला हा फरक सुचत नाही. अमेरिकेत कॅन्ससमधल्या एका छोट्या बँकेच्या प्रमुखानेच अशा जाळ्यात सापडून बँकेचे ४.७ कोटी डॉलर क्रिप्टोत पाठवले. जुलै २०२३ मध्ये बँक बुडाली आणि पुढच्या वर्षी त्याला चोवीस वर्षांहून अधिक शिक्षा झाली. आयुष्य बँकेत गेलेला माणूस फसतो, तर ‘अशिक्षित लोकच फसतात’ हे म्हणणं आपण सोडून द्यायला हवं.

क्रिप्टोचा माग लागतच नाही, असं नाही. टेदरने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा टोळ्यांशी संबंधित २२.५ कोटी डॉलरची नाणी गोठवली. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेने कंबोडियातल्या प्रिन्स ग्रुप या उद्योगसमूहाच्या प्रमुखावरील खटल्यात १,२७,२७१ बिटकॉइन जप्त करण्याचा दावा दाखल केला. पण यात वर्षं जातात, परदेशी कंपन्या आणि न्यायालयं लागतात. रुपये भारतीय बँकेत आहेत तोवर काम पुष्कळ सोपं असतं. २०२१ मध्ये १५५२६० या क्रमांकाने सुरू झालेली आणि आता १९३० वर चालणारी हेल्पलाइन त्याचसाठी आहे. तक्रार आली की बँकांना साखळीने कळवून खात्यातली शिल्लक थोपवायची. २०२४ मध्ये देशात सायबर भामट्यांनी लोकांचे सुमारे २२,८४५ कोटी रुपये लुटल्याचं सरकारने लोकसभेत सांगितलं. त्यातलं किती थोपवता येतं, हे बहुतांशी तक्रार किती लवकर येते यावर ठरतं.

आणि तक्रार उशिरा येते, कारण माणूस लाजतो. गोड बोलून खोट्या ॲपवर पैसे गुंतवायला लावणाऱ्या फसवणुकीचं मूळ चिनी नाव ‘शा झू पान’, म्हणजे डुक्कर पोसून कापणं. डिसेंबर २०२४ मध्ये इंटरपोलने हा शब्द वापरू नका असं आवाहन केलं, कारण त्यात फसलेल्या माणसालाच डुक्कर ठरवलं जातं आणि तो पुढे यायला कचरतो. आपल्याकडे तो शब्द नाही, पण ‘एवढं शिकून कसे काय फसलात?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. त्या प्रश्नाच्या धास्तीने माणूस एक रात्र गप्प बसतो, आणि रुपयांचे यूएसडीटी व्हायला तेवढी रात्र पुरते.