चढ दमाचा, उतार मांड्यांचा

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात मॅनिटू स्प्रिंग्ज नावाचं गाव आहे. त्या गावाच्या माथ्यावरच्या डोंगरात झाडी चिरत सरळ वर गेलेली एक पट्टी दूरवरूनही ओळखू येते. ती मॅनिटू इन्क्लाइन. जलविद्युत प्रकल्पाच्या कामाचं साहित्य वर चढवण्यासाठी १९०७च्या सुमारास इथे दोराने ओढली जाणारी रेल्वे बांधली होती. पुढे तिच्यातून पर्यटक वर जाऊ लागले. १९९०मध्ये दरड कोसळून मार्गाचं नुकसान झालं आणि ती बंद पडली. रूळ निघाले, पण त्यांच्याखालचे लाकडी स्लीपर जागेवरच राहिले. माणसांनी त्या स्लीपरांच्या पायऱ्या केल्या आणि २०१३पासून तिथे चढायला अधिकृत परवानगीही मिळाली. आज तिथे २,७६८ पायऱ्या आहेत. दीड किलोमीटरही न चालता माणूस सुमारे ६१० मीटर उंची गाठतो. सरासरी चढ ४५ टक्के आहे, म्हणजे आडव्या १०० मीटरमागे ४५ मीटर वर. सर्वांत उभ्या टप्प्यात हाच आकडा ६८ टक्क्यांवर जातो.

अशा वाटेवर आलेला प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: किती वेळ लागला? प्रश्न चांगला आहे, कारण पायऱ्यांच्या वाटेइतकं साधं आणि प्रामाणिक मोजमाप व्यायामात क्वचितच मिळतं. पण घड्याळ फक्त चढणाऱ्या शरीराची परीक्षा घेतं. उतरणारं शरीर जवळजवळ वेगळंच काम करत असतं आणि त्या कामाची तयारी फार थोडे लोक करतात.

आधी चढाचं पाहू. सपाट रस्त्यावर तासन्‌तास चालणारी माणसंही पायऱ्यांवर पाच मिनिटांत धापा टाकू लागतात. आपला व्यायाम कमी पडला असं त्यांना वाटतं, पण खरं कारण निराळं आहे. सपाटीवर आपण उलट्या लंबकासारखे चालतो. टेकलेल्या पायावरून शरीर किंचित वर जातं, मग खाली येतं आणि खाली येताना सुटलेली ऊर्जा पुढच्या पावलाला मिळते. सोयीच्या वेगाने चालताना अशी निम्म्याहून जास्त यांत्रिक ऊर्जा परत वापरात येते. उभ्या चढावर मात्र शरीर फक्त वरच जात राहतं. परत मिळण्यासारखं काही उरत नाही, त्यामुळे प्रत्येक पायरीची पूर्ण किंमत स्नायूंना रोख मोजावी लागते.

ही किंमत कुणालाही काढता येते. ७० किलोचा माणूस ६१० मीटर वर नेण्यासाठी सुमारे ४२० किलोज्यूल, म्हणजे जवळपास १०० किलोकॅलरी एवढं काम करावं लागतं. इटालियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ रोडॉल्फो मार्गारिया यांनी १९३०च्या दशकात चढावर चालणाऱ्यांचा ऑक्सिजन मोजला. तीव्र चढावर स्नायूंची कार्यक्षमता २५ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते, असं त्यांना दिसलं. म्हणजे त्या १०० किलोकॅलरी कामासाठी शरीर सुमारे ४०० किलोकॅलरी जाळतं. उरलेल्या ३०० उष्णता होऊन बाहेर पडतात. थंड हवेतसुद्धा पायऱ्यांवर अंग घामाने भिजतं ते यामुळेच.

यातून एक कामाचा अंदाज निघतो. ताशी १०० मीटर उंची चढण्यासाठी शरीराच्या प्रत्येक किलोमागे मिनिटाला साधारण ३ मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. नुसतं बसून राहायला लागणारा साडेतीन मिलिलिटर त्यात मिळवायचा. या हिशेबाने इन्क्लाइन तासाभरात चढायला मिनिटाला किलोमागे २२-२३ मिलिलिटर पुरतात. अर्ध्या तासात चढायचं तर ४१-४२ लागतात. व्यायामाची सवय नसलेल्या मध्यमवयीन माणसाचं शरीर सगळा जोर लावूनही ३०-३५च्या आसपास थांबतं आणि त्या कमाल मर्यादेवर माणूस काही मिनिटांपेक्षा जास्त टिकत नाही. म्हणून अर्ध्या तासाचं लक्ष्य त्याच्यासाठी नुसतं अवघड नाही, त्या घडीला ते अशक्यच आहे. पहिल्यांदा येणाऱ्याला सव्वा-दीड तास लागला तर त्यात कमीपणा काहीच नाही. दुसऱ्या टोकाला जोसेफ ग्रे हा डोंगर-धावपटू आहे. २०१५मध्ये त्याने ही वाट १७ मिनिटं ४५ सेकंदांत संपवली. त्यासाठी याच हिशेबाने किलोमागे ६५-७० मिलिलिटर लागतात, आणि तेही विरळ हवेत.

विरळ हवेची गोष्ट मोठी आहे. पायऱ्यांचा पायथाच समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटरवर आहे आणि माथा २,६००वर. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपटीहून थोडा कमी भरतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेवढंच असतं, पण दाब उतरल्यामुळे दर श्वासात कमी ऑक्सिजन आत येतो. सखल भागातून थेट येऊन आपल्या नेहमीच्या वेगाने चढू पाहणाऱ्याचा दम अर्ध्या वाटेतच उखडतो.

दम उखडण्याचं दुसरं कारण सुरुवातीच्या उत्साहात असतं. हृदय आणि फुप्फुसं पूर्ण लयीत यायला दोन-तीन मिनिटं घेतात. तोवर स्नायू ऑक्सिजनविना मिळणाऱ्या ऊर्जेवर भागवतात आणि ती मर्यादित असते. पहिल्या दोनशे पायऱ्या झपाट्याने चढलेल्या माणसाचा हा साठा तिथेच खर्च होतो, पुढे पाय जड होतात आणि दर वळणाला थांबावं लागतं. सुरुवातीला तुटक का होईना, पण एखादं वाक्य बोलता येईल एवढाच वेग ठेवावा. इन्क्लाइनवर तर वर पाहिलं की माथा आलासा वाटतो, पण ते खोटं शिखर असतं. तिथे पोचल्यावर पुढच्या पायऱ्या दिसतात, आणि जोर राखून आलेल्यालाच त्या जमतात.

पायरीची उंचीही महत्त्वाची आहे. पायरी उंच असली की गुडघा जास्त वाकतो आणि वाकलेल्या गुडघ्यातून शरीर उचलताना मांडीच्या पुढच्या स्नायूंवर आणि नितंबांवर भार वाढतो. मोठी टांग टाकण्यापेक्षा, जागा असेल तिथे दोन छोटी पावलं स्वस्त पडतात.

आता उतार. मार्गारिया यांच्याच मोजमापात तीव्र उतारावर ऊर्जेचा खर्च चढाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास निघाला. ४०० किलोकॅलरी घेणारी उंची उतरताना ८०-८५मध्ये भागते. १९५२मध्ये इंग्लंडमध्ये ॲबट, बिगलँड आणि रिची या तिघांनी हे फार सुंदर रीतीने दाखवलं. त्यांनी दोन स्थिर सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने पेडल पुढे मारायची, दुसऱ्याने ती रोखून धरायची. दोघांचं बळ सारखंच, पण रोखणाऱ्याला ऑक्सिजन कित्येक पटींनी कमी लागला. पुढे रॉयल सोसायटीत या यंत्राचं प्रात्यक्षिक झालं, तेव्हा एका सडपातळ स्त्रीने सहज बसल्या बसल्या एका पुरुषाला दमवलं.

उतरताना आपले पाय त्या रोखणाऱ्याचं काम करतात. मांडीचा स्नायू आवळलेला असतो, पण शरीराच्या वजनाने त्याच वेळी ताणला जात असतो. असा स्नायू थोडेच तंतू वापरून मोठं बळ पेलतो, म्हणून दम लागत नाही. पण तेवढ्याच कारणाने प्रत्येक तंतूवर ताण जास्त पडतो. १९८१मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी काही जणांना अनेक मजल्यांचे जिने पुन्हा पुन्हा उतरायला लावले आणि नंतर पोटरीच्या स्नायूचे बारीक तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तंतूंची आखीवरेखीव रचना जागोजाग विस्कटलेली होती. व्यायामानंतरचं दुखणं तंतूंना झालेल्या इजेमुळे असतं, हा तर्क थिओडोर हफ या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९०२मध्येच मांडला होता. त्याला आता डोळ्यांनी दिसणारा पुरावा मिळाला. मांड्या भरून येतात त्या लॅक्टिक आम्लामुळे, ही समजूत अजून सर्रास ऐकू येते. पण चढताना वाढलेलं लॅक्टेट, म्हणजे त्या आम्लाचं रक्तातलं रूप, तासाभरात रक्तातून निघून जातं, तर हे दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असतं.

म्हणूनच उतरताना काही त्रास होत नाही हा भरवसा घातक ठरतो. थकलेला स्नायू गुडघ्याला नीट आधार देत नाही, पाय लटपटतो आणि उभ्या पायरीवर तोल गेला तर सावरायला जागा नसते. इन्क्लाइनवर चढणाऱ्यांनी त्याच पायऱ्यांनी न उतरता बार ट्रेलच्या वळणदार वाटेने खाली यायचं असतं. ती सुमारे पाच किलोमीटरची आहे. लांब असली तरी शरीराला तीच मानवते: माणसाला चालायला सर्वांत कमी ऊर्जा साधारण १० टक्के उतारावर लागते, आणि मंद उतारावर दर पावलाचा धक्काही सौम्य असतो.

स्नायू मात्र फार लवकर शिकतो. एकदा उताराचा ताण सोसलेल्या स्नायूला तोच ताण काही आठवड्यांनी पुन्हा दिला तर दुखणं बरंच कमी होतं, आणि त्यासाठी पहिली खेप मोठी असावी लागत नाही. पायऱ्यांच्या वाटेची तयारी करताना लोक जिने चढतात आणि लिफ्टने खाली येतात. निदान आठवड्यातून एकदा त्यांनी उतरावंही: सावकाश, प्रत्येक पाऊल मांडीवर तोलत, पहिल्या वेळी चार-पाच मजले आणि मग हळूहळू जास्त. मोठ्या चढाईआधीचे शेवटचे चार-पाच दिवस मात्र हा सराव टाळावा, कारण त्याचं दुखणं उतरायला तेवढा वेळ लागतो. चढाईत छातीत दडपण आलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा थांबल्यावरही धाप बसेना, तर घड्याळाकडे न पाहता तिथेच बसावं, सोबत्याला सांगावं आणि मदत मागावी. आधीपासून हृदयाचा त्रास असेल तर पहिल्या पायरीआधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावं.