व्हॅम्पायरपट, शैलीप्रधान

रक्त पिऊन अमर राहणाऱ्या पात्रांच्या भयपटांची एक शाखा. पुढे काय घडणार या उत्कंठेपेक्षा प्रकाशयोजना, वेशभूषा, नेपथ्य व संथ लय यांना तीत महत्त्व असते.

शाखेच्या उगमाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक १९६०–७० च्या दशकांतील फ्रेंच व बेल्जियन चित्रपटांपासून तिची गणना करतात, तर काही जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊच्या नोस्फेरातू या मूकपटापर्यंत (१९२२) मागे जातात. नोस्फेरातूत घोडागाडीचा जंगलातील प्रवास निगेटिव्ह (काळे-पांढरे उलट झालेल्या) प्रतिमेत दाखविला आहे. मात्र त्यातील भयाचा ताण कोठेही सैल होत नाही. म्हणून डॅनिश दिग्दर्शक कार्ल ड्रायर यांचा व्हाम्पिर (१९३२) हाच आरंभ मानणे अधिक सयुक्तिक होय. त्याचे चित्रीकरण साधारण १९३०–३१ मध्ये फ्रान्समध्ये प्रत्यक्ष स्थळी झाले. त्यातील धुरकट, करडी दृश्ये भिंगावर पडलेल्या भलत्याच प्रकाशामुळे योगायोगाने सुचली, असे सांगितले जाते. पुढे कॅमेऱ्यासमोर सुमारे तीन फुटांवर जाळीदार कापड धरून तोच परिणाम मुद्दाम साधण्यात आला. छायालेखक रुडॉल्फ माते यांनीच ड्रायरसाठी जोन ऑफ आर्कवरील मूकपट (१९२८) विलक्षण स्वच्छ, रेखीव प्रतिमांत टिपला होता. हे ध्यानी घेता, योगायोग निमित्तमात्र असावा. नायकाची भूमिका करणारे व निर्मितीचा खर्च उचलणारे निकोला द गुंझबुर्ग पुढे फॅशन नियतकालिकांचे संपादक झाले, हेही लक्षणीय आहे.

बेल्जियन दिग्दर्शक हॅरी क्यूमेल यांच्या डॉटर्स ऑफ डार्कनेसमध्ये (१९७१) काही प्रसंग काळ्याऐवजी लाल रंगात विरतात. बेल्जियमच्या किनाऱ्यावरील ऑस्टेंडमधील ओस पडलेले हॉटेल आणि अभिनेत्री देल्फिन सेरिग यांचा संथ, आर्जवी वावर यांपुढे कथानक गौण ठरते. जाहिरातपटांतून आलेल्या टोनी स्कॉट यांचा द हंगर (१९८३) केवळ देखणा म्हणून हिणवला गेला. हा आक्षेप अपुरा आहे: रुग्णालयात ताटकळणारा डेव्हिड बोवी यांचा नायक काही तासांत म्हातारा होतो, तेव्हा त्या देखणेपणाचाच ऱ्हास डोळ्यांसमोर घडतो. अमर पात्राला मरणाची टांगती तलवार नसते, त्यामुळे उत्कंठेचा नेहमीचा आधार येथे मुळातच लंगडा असतो.

कोपोला यांच्या ड्रॅक्युलासाठी (१९९२) एइको इशिओका यांना वेशभूषेचे ऑस्कर मिळाले. त्यातील चमत्कृतिदृश्ये बहुतांशी दुहेरी छायांकनासारख्या (एकाच फिल्मवर दोनदा चित्रण) जुन्या युक्त्यांनी साधली आहेत. ॲना लिली अमीरपूर यांचा कृष्णधवल फार्सी चित्रपट (२०१४) याच परंपरेतला. त्यातील नायिकेची चादर (इराणी स्त्रिया डोक्यावरून घेतात ते अंगभर वस्त्र) हवेत फुलली, की वटवाघळाच्या पंखांसारखी दिसते.